बेळगावात बसून सर्फबोर्ड: फोमचा ब्लँक हातानं कसा घडवायचा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर वर, मग इथं सर्फबोर्ड कशाला ओ, असं विचारणारे विचारतातच, विचारूदेत. चोर्ल्यातनं खाली उतरलं की गोवा, वेंगुर्ला रोडनं शिनोळी, आंबोली करत गेलं की वेंगुर्ला आणि शिरोडा, अजून लांब जायची तयारी असली तर कारवार, गोकर्ण. पाणी काय लांब नाही. आणि बोर्ड घडवणं हे तसं किनाऱ्यावरचं कामच नव्हे, ते पॅटर्न मेस्त्रीचं काम आहे. उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारी माणसं पिढ्यान्पिढ्या हेच करत आलीत, एक ठोकळा घ्यायचा, सेंटर लाईन मारायची, फर्मा ठेवायचा, नको ते काढायचं आणि डावं-उजवं सारखं आणायचं. फरक एवढाच की फोम लाकडापेक्षा लई मऊ, हात जरा जास्त दाबला की खड्डा.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो प्लॅनर, म्हणजे विजेचा रंधा, कुठला घेऊ. तो प्रश्न शेवटी विचारा. हाताच्या शेपिंगचं, म्हणजे ब्लँकला (फोमच्या कच्च्या ठोकळ्याला) आकार द्यायचं, सगळं काम उजेडावर आणि पेन्सिलीवर चालतं, रेघ मारल्याशिवाय कापायचं नाही आणि सावली बघितल्याशिवाय घासायचं नाही, हे दोन पाळलं तर पंधराशे रुपयांच्या हत्यारांतही बोर्ड निघतो आणि हे पाळलं नाही तर पन्नास हजारांचं सामान आणून पण बटाटा निघतो.

पहिला बोर्ड कुठला करायचा ते आधी ठरवूया, कारण इथंच निम्मे लोक फसतात. व्हिडिओ बघून सगळ्यांना पाच फूट दहा इंचाचा पातळ टोकदार बोर्ड पाहिजे असतो. आपल्या बाजूच्या समुद्रात ऑक्टोबर ते मे लाटा बहुतेक करून छोट्या आणि मऊ, जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, त्यावेळी गोव्यात लाइफगार्ड पाण्यात उतरूच देत नाहीत आणि बरोबरच करतात. म्हणजे तुम्ही चालवणार ते छोट्या मऊ लाटेवर, त्याला पाहिजे रुंद, जाड आणि कमी वाकलेला बोर्ड. माझ्या मते पहिल्यासाठी हे माप धरा: लांबी ७ फूट ४ इंच, रुंदी २२ इंच, मधली जाडी २ इंच ७ सूत. नोजपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, १२ इंचावर रुंदी १७ इंच, टेलपासून, म्हणजे मागच्या टोकापासून, १२ इंचावर साडेपंधरा. नोजचा रॉकर, म्हणजे पुढचा भाग वर किती वळलाय ते, सव्वाचार इंच, टेलचा सव्वादोन. यातनं साधारण ५० लिटरचा बोर्ड निघतो, सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या शिकाऊ माणसाला आरामात तारतो. जगभरचे शेपर इंच आणि इंचाचा आठवा भाग यातच बोलतात, म्हणजे आपलं सूतच, त्यामुळे सुताराच्या टेपवर काम चालतं, मिलिमीटरात बदलत बसू नका.

फोम दोन जातीचा. एक पॉलियुरेथेन, ज्याला सगळे पीयू म्हणतात, आणि दुसरा ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल. पीयूचे ब्लँक कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकाच्या शेवटी होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी जमवले, त्याच्या आधी बोर्ड बाल्सा लाकडाचे. पुढं क्लार्कनं स्वतःची क्लार्क फोम काढली आणि तिकडचे बहुतेक शेपर त्याच्याच ब्लँकवर जगायला लागले, आणि ५ डिसेंबर २००५ ला, सोमवार होता, त्यानं अचानक कंपनी बंद केली. त्या दिवसाला अजून ब्लँक मंडे म्हणतात. त्यानंतर थर्माकोल आणि त्याच्यावर लावायच्या इपॉक्सी रेझिनकडं लोक जोरात वळले. आपल्याला यातनं घ्यायचं एवढंच की दोन्हीचे बोर्ड चांगले होतात, पण दोन्हीची वागणूक वेगळी.

पीयूचा ब्लँक बाहेरनं मागवावा लागतो, महाग पडतो, वाहतुकीत टोक मोडून येऊ शकतं, पण त्याला रॉकर आधीच दिलेला असतो, मधे लाकडाची पट्टी म्हणजे स्ट्रिंगर बसवलेला असतो, आणि घासायला तो लोण्यासारखा. थर्माकोल इथंच मिळतो पण दुकानातली डेकोरेशनची शीट घेऊ नका, ती फुसकी असते, अंगठा दाबला की आत जाते. इन्सुलेशनसाठी, कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी जो ब्लॉक बनतो तो मागा आणि डेन्सिटी विचारून घ्या, घनमीटरला २४ ते ३२ किलो पाहिजे. १६ वाला हलका लागतो पण डेकवर, म्हणजे उभं राहायच्या वरच्या बाजूवर, टाचांचे खड्डे पडतात. ब्लॉकची लांबी पण आधी विचारा, २ मीटरचा असला तर त्यातनं साडेसहा फुटाच्या वरचा बोर्ड निघत नाही, वर दिलेल्या मापाला निदान २ मीटर ३० सेंटिमीटर लागतं.

थर्माकोल कापायची गरम तार बेळगावात शोधायला जायला नको, गणपतीची मखरं करणाऱ्यांकडं पडून आहेत. १ जुलै २०२२ पासून डेकोरेशनच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली, त्यामुळे त्या तारा नुसत्या भिंतीला लटकल्यात, मागितल्या तर देतात. नायक्रोम तार लाकडी कमानीला ताणून बांधलेली आणि स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, बास. थेट घरच्या लाईनला जोडायचा शहाणपणा नको. पण नीट ऐका, ही तार फक्त थर्माकोलला. पीयूला कधीच गरम तार लावू नका, पीयू जळला की त्यातनं सायनाइडचा विषारी वायू निघतो, ही चेष्टा नव्हे. थर्माकोल कापतानाही दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

थर्माकोल घेतला तर रॉकर तुम्हीच कापायचा. प्लायचे दोन सारखे फर्मे करा, बाजूनं बघितलं तर बोर्ड कसा दिसेल त्या आकाराचे, ब्लॉकच्या दोन बाजूंना खिळ्यांनी टोचून बसवा आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून तार हळूहळू ओढत न्या. घाई केली की तार मधेच मागं राहते आणि मधे पोट येतं. फर्म्यावर एक ते दहा आकडे लिहा आणि दोघांनी मोठ्यानं बोलत जावा, एक, दोन, तीन, म्हणजे दोन्ही हात एकाच जागी पोचतात. मग ब्लॉक लांबीत मधोमध चिरायचा आणि त्यात ४ मिमीची मरीन प्लायची पट्टी, त्याच रॉकरची, इपॉक्सीनं चिकटवायची, हाच तुमचा स्ट्रिंगर. इथं रबर सोल्युशनसारखा गम लावू नका, त्यातल्या सॉल्व्हंटनं थर्माकोल विरघळतो आणि सकाळी बघितलं तर मधे दरी पडलेली. पांढरा फेविकॉल पण नको, दोन्ही बाजूंनी फोम असल्यामुळं आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि तो ओलाच राहतो.

आता खोली. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कंटाळू नका.

वरचा ट्यूब बंद करा. छताचा उजेड शेपिंगचा शत्रू, त्याच्यात सगळं सपाट आणि छान दिसतं. दोन लांब ट्यूबलाईट घ्या, खोलीच्या दोन लांब भिंतींना आडव्या बसवा, स्टँडवर ठेवलेल्या बोर्डच्या पातळीपेक्षा चार-सहा इंच वर, जास्त नाही. म्हणजे उजेड बाजूनं, घासत येतो आणि फोमवर जिथं उंचवटा आहे तिथं सावली पडते, जिथं खड्डा आहे तिथं पण. भिंती गडद रंगवा, निळा नाहीतर काळपट हिरवा, पांढऱ्या भिंतीवर पांढरा फोम काहीच दिसत नाही. एका बाजूचा ट्यूब बंद करून दुसऱ्यानं बघा, मग उलट करा, दर वेळी वेगळी चूक दिसते. ज्यांना जागा नाही ते शहापूर-वडगावात बंद पडलेल्या मागाच्या शेडी भाड्यानं मिळतात का बघा, लांबी भरपूर असते, बोर्डच्या दोन्ही टोकांना फिरायला चार-चार फूट मोकळं पाहिजे.

स्टँड म्हणजे दोन खांब. पत्र्याचे तेलाचे डबे घ्या, त्यात सिमेंट भरून पाईप उभा करा, वर यू आकाराचा लाकडी खाचा, त्याला जुना स्पंज आणि सुती कापड गुंडाळा. बोर्ड आडवा ठेवला तर कमरेच्या जरा वर यायला हवा, उभा खोचला तर रेल, म्हणजे बोर्डची बाजूची कड, वर करून काम करता यायला हवं. हे डबे हलले तर सगळं हललं, म्हणून सिमेंट भरताना कंजूषी नको.

हत्यारं काय काय: बारीक दातांची करवत, हाताचा छोटा रंधा धार लावलेला, गुण्या, फाउंड्रीवाले वापरतात तसा जाडी मोजायचा मोठा आउटसाईड कॅलिपर, आठ फुटी अल्युमिनियम सेक्शन सरळ बघून घेतलेला, मऊ पेन्सिल २बी, आणि दोन फूट लांब प्लायची पट्टी जिच्या खाली ४० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवलाय. पेंटच्या दुकानात पुट्टी घासायची जाळी मिळते, ती रेलला लागते. इलेक्ट्रिक प्लॅनर असला तर ८२ मिमीचा कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालतो. तिकडचे जुने शेपर स्किल १०० नावाच्या प्लॅनरसाठी जीव टाकतात कारण त्याच्यात चालता चालता कटाची खोली बदलता येते, पण तो बनायचा बंद झालाय, त्याच्या मागं लागू नका. नसला प्लॅनर तरी त्या दोन फुटी पट्टीनं सगळा बोर्ड होतो, वेळ लागतो एवढंच, आणि खरं सांगायचं तर पहिल्या बोर्डला वेळ लागलेलाच बरा. मास्क मात्र एन९५ पेक्षा कमी नको, फोमची धूळ बारीक असते आणि फुफ्फुसात जाऊन बसते. डोळ्यांना चष्मा, आणि पंखा बंद, नाहीतर थर्माकोलचे मणी गल्लीभर आणि शेजारच्या काकू दारात.

फर्मा अर्धाच करायचा. ३ मिमीचा हार्डबोर्ड घ्या, एक कड सरळ, ती सेंटर लाईन. त्याच्यावर नोजचा १२ इंचाचा, मधला आणि टेलचा १२ इंचाचा असे तीन बिंदू अर्ध्या मापानं मारा, म्हणजे साडेआठ, अकरा आणि पावणेआठ. सगळ्यात रुंद जागा मध्यापासून इंचभर नोजकडं सरकवा. आता हे बिंदू जोडायला वायरिंगवाल्यांची केसिंग-कॅपिंगची पट्टी घ्या, ती वाकते पण मोडत नाही, खिळ्यांना टेकवून वाकवली की वळण आपोआप गोड येतं. हातानं काढलेल्या वळणात कुठंतरी कोपरा राहतोच. फर्मा कापून झाल्यावर कड डोळ्याच्या रेषेत धरून बघा, बोट फिरवा, जिथं अडतं तिथं घासा. अर्धा फर्मा का, तर एक बाजू रेखली की तोच उलटा करून दुसरी बाजू, दोन्ही सारख्या यायलाच हव्यात.

पेन्सिल हलकी चालवा, दाबली तर चरा पडतो आणि तो रेझिनखाली कायम राहतो. बॉलपेन, मार्कर अजिबात नको, शेवटी वर चढवायच्या काचेखालनं, म्हणजे फायबरग्लासच्या कापडाखालनं, शाई डोकावते.

रेघ मारली की करवत घ्या आणि रेघेच्या बाहेर दोन सूत सोडून कापा. करवत उभी, एकदम काटकोनात, हे महत्त्वाचं, वरनं रेघेवर आणि खाली आत शिरली तर तिथला फोम गेला तो गेला. म्हणून बोर्डचा तळ वर करून कापा आणि दर फुटाला गुण्या लावून बघा. मग लांब पट्टीनं रेघेपर्यंत घासत या, लांबीत, नोजपासून टेलपर्यंत चालत, एका जागी उभं राहून घासलं की तिथं खळगा. उद्यमबागेतला एक म्हातारा मेस्त्री माझ्या शेडीत आला होता, पाच मिनिटं नुसता बघत उभा, मग म्हणाला, "काय ओ, दार करायलाय काय?" मी म्हटलं, "बोर्ड ओ मामा, समुद्रातला." त्यानं गुण्या उचलला, कडेला लावला, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "मग हे टोक कागदाएवढं बाहेर हाय बघा." होतंच.

कड काटकोनात आली की पुढचं सगळं सोपं जातं, कड वाकडी ठेवून रेल घडवायला घेतला की डावा-उजवा कधीच जुळत नाही. लोक रेलचं कौतुक करतात पण निम्मा रेल इथं ठरतो.

तळ आधी करायचा, डेक नंतर. कारण पीयूच्या ब्लँकमध्ये बाहेरचा फोम घट्ट असतो आणि आतला मऊ, तुमचं वजन डेकवर पडणार म्हणून डेकचा घट्ट थर जितका वाचेल तितका वाचवायचा आणि जाडी कमी करायची ती जास्त करून तळाकडनं. प्लॅनर एक-दीड मिलिमीटरवर ठेवा, चालू करून बोर्डच्या बाहेरनं आत या आणि दुसऱ्या टोकाबाहेर निघून मगच थांबा, मधे थांबलं की पायरी. कटाच्या शेजारी कट, टेलपासून नोजपर्यंत, सावकाश एका लयीत चालत. डाव्या बाजूला किती कट मारले ते स्ट्रिंगरवर रेघा मारून ठेवा आणि उजव्या बाजूला तेवढेच. थर्माकोलवर प्लॅनरचं पातं बोथट असलं तर मणी उपटून येतात, नवीन पातं टाका नाहीतर पट्टीनंच घासा.

मग अल्युमिनियम सेक्शन तळावर ठेवायचा, मधे टेकलेला, आणि नोजला फट किती, टेलला किती ते मोजायचं. हाच रॉकर. नोजला सव्वाचारपेक्षा कमी येत असेल तर मधल्या भागाला हात लावायचा नाही, नोजचं टोकच थोडं उतरवायचं. टेलचा रॉकर कमी ठेवला तर बोर्ड मऊ लाटेवर पळतो, वळायला जड जातो, आपल्या समुद्राला मी कमीच ठेवतो. तळाचा आकार पहिल्यांदा सपाटच ठेवा, शेवटच्या दीड फुटात स्ट्रिंगरपासून कडेकडं एक सूत उतार द्या म्हणजे वळायला मदत. कॉन्केव्ह, म्हणजे तळाला खोलगटपणा, वगैरे दुसऱ्या बोर्डला.

तळ सपाट आहे का हे बघायची युक्ती: पेन्सिलीनं सगळ्यावर हलक्या नागमोडी रेघा मारा आणि लांब पट्टीनं दोनदा घासा. रेघा जिथं राहिल्या ते खोल, जिथं गेल्या ते उंच. खोलाच्या मागं लागू नका, उंच खाली आणा.

आता बोर्ड उलटवून डेक वर घ्या. जाडीची मापं तळाप्रमाणं स्ट्रिंगरच्या कडेला लिहून ठेवा: मधे २ इंच ७ सूत, नोजपासून १२ इंचावर १ इंच ६ सूत, टेलपासून १२ इंचावर पण तेवढंच. कॅलिपर घेऊन दर फुटाला दोन्ही बाजूंना मोजा, आकडा फोमवरच लिहा. मधल्या मापाला आल्यावर मधे अजिबात हात लावायचा नाही, फक्त टोकांकडं उतरत जायचं. बाजूनं बघितल्यावर जाडी मधून टोकांकडं एकसारखी कमी होत गेली पाहिजे, कुठं खांदा नको. डेक या टप्प्याला सपाट दिसतो, दिसूदे, गोलाई रेल करताना येते.

रेल. इथं घाई केली तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात. गोल आकार थेट गोल घासून येत नाही, तो छाट मारत मारत आणायचा, सुतार चौकोनी दांड्याचा आठकोनी आणि मग गोल करतो ना, तसंच. आधी रेघा: मध्याजवळ बाजूच्या कडेवर तळापासून सव्वा इंचावर एक रेघ. डेकवर कडेपासून दीड इंच आत दुसरी, साडेतीन इंच आत तिसरी. नोज आणि टेलकडं जाताना जाडी कमी होते तशा या रेघा पण कडेकडं सरकत जायच्या, केसिंग पट्टी वाकवून मारा, हातानं नको. आता कडेवरची रेघ आणि दीड इंचाची रेघ जोडणारा पहिला छाट, साधारण पंचेचाळीस अंशाचा. दोन्ही बाजू. मग पहिल्या छाटाच्या मध्यापासून साडेतीनच्या रेघेपर्यंत दुसरा, जास्त झोपलेला छाट. परत दोन्ही बाजू. डावा पूर्ण करून मग उजवा असं कधीच नको, दर छाटाला बाजू बदला, कारण संध्याकाळपर्यंत हात थकतो आणि थकलेला हात वेगळा दाब देतो.

दोन छाट झाले की थांबा. ट्यूबलाईटच्या उजेडात छाटांच्या कडा दोन धारदार रेघांसारख्या दिसतात नोजपासून टेलपर्यंत. या रेघा गुळगुळीत वळत असतील तर रेल बरोबर, कुठं लचकत असतील तर तिथं चूक. बोर्ड उलटा फिरवा, नोजच्या जागी टेल, परत बघा, डोळ्याला एका बाजूची सवय लागलेली असते ती मोडते. हे बघणं दहा मिनिटं चाललं तरी चालूदे.

खालच्या बाजूला छोटा छाट, तळावर कडेपासून अर्धा इंच आत रेघ, कडेवर तळापासून पाच सूत वर रेघ, ते जोडा. पण शेवटच्या फूट-दीड फुटात हा छाट बंद, तिथं तळाची कड टोकदार ठेवायची, पाणी तिथनं सुटून गेलं पाहिजे, गोल कडेला पाणी चिकटतं आणि बोर्ड मागं ओढल्यासारखा चालतो. नोजकडं मात्र कड मऊ, नाहीतर लाटेत अडकते. मग जाळी घ्या, दोन हातांत दोन टोकं धरून रेलवर कापड ओढतो तशी ओढत लांबीत चालत जावा, छाटांचे कोपरे विरघळतात आणि गोलाई येते. आता डोळे मिटून दोन्ही रेलवर दोन तळहात एकाच वेळी फिरवा, हाताला कळतं ते डोळ्याला कळत नाही.

स्ट्रिंगर लाकडाचा, फोम मऊ, त्यामुळं पॉलिश पेपर फोम खातो आणि लाकूड उंच राहतं, मधे वरवंट्यासारखी धार. ती पेपरानं काढायला गेलात की दोन्ही बाजूंना चर. हाताचा छोटा रंधा एकदम बारीक कटावर ठेवून फक्त लाकडावर चालवा, लाकडातल्या रेषा बघून, नोजच्या वळणात रेषा उलटतात तिथं रंधा पण उलटा फिरवा. शेवटी ८० नंबर, मग १२०, मऊ स्पंजच्या ठोकळ्यावर, वजन न देता. थर्माकोलमधे मण्यांमधल्या बारीक भेगा राहतात त्या हलक्या फिलरनं भरून घ्या नाहीतर त्या रेझिन पीत बसतात आणि बोर्ड जड होतो. पावसाळ्यात हे काम टाळाच, खानापूरकडच्या लोकांना तर सांगायला नको, चार महिने सगळं दमट, फिलर वाळत नाही, पेपर चोंदतो. दिवाळीनंतर काढा.

फिनच्या, म्हणजे तळाला मागं बसवायच्या पात्यांच्या, जागा आत्ताच मारून घ्या. तीन फिनची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं १९८० च्या सुमाराला पक्की केली, अजून तीच चालते. मागची फिन स्ट्रिंगरवर, तिची मागची कड टेलपासून ४ इंचावर, बाजूच्या दोन फिनच्या मागच्या कडा टेलपासून १२ इंचावर आणि रेलपासून सव्वा इंच आत, त्यांची तोंडं किंचित स्ट्रिंगरकडं वळलेली, साडेचार इंचाच्या फिनला दोन सूत. दोन्ही बाजूंचं अंतर टेलच्या टोकापासून तिरकं पण मोजा.

काच आणि रेझिनचं काम हा वेगळा विषय, पण दोन गोष्टी न सांगता सोडत नाही. फायबरवाल्याच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन मिळतं, ते पीयूवर चालतं, थर्माकोलवर ओतलं की थर्माकोल डोळ्यांदेखत वितळतो, थर्माकोलला फक्त इपॉक्सी. दुसरं, त्या पॉलिएस्टरबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या देतात, त्या दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमधे पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही. थर्माकोलवर इपॉक्सी लावायची ती संध्याकाळी, हवा थंड होत असताना, सकाळी लावली की ऊन चढेल तशी आतली हवा फुगते आणि ओल्या काचेखालनं बुडबुडे येतात.

आणि हीच फुगणारी हवा आपल्या घाटावरच्या लोकांना नंतर पण त्रास देते. थर्माकोलचा बोर्ड खाली किनाऱ्यावर बंद केलेला असतो, तो घेऊन घाट चढलात की बाहेरचा हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो, त्यात गाडीच्या टपावर ऊन, आतली हवा बाहेर यायला बघते आणि डेकची काच फोमपासून सुटून फोड येतो. म्हणून थर्माकोलच्या बोर्डला नोजकडं डेकवर छोटा व्हेंट, म्हणजे हवा जायची वाट, बसवतात. स्क्रूवाला असला तर घाट चढायच्या आधी सैल करा, पाण्यात उतरायच्या आधी घट्ट करा आणि त्याची रबर रिंग चिरलेली नाही ना बघा. विसरायची सवय असली तर त्या स्क्रूची अ‍ॅलन की लीशलाच, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीलाच, बांधून ठेवा, लीश पायाला लावताना ती हाताला लागतेच.